बिऱ्हाड पाठीवर

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे एखाद्याच्या अस्थिर संसाराविषयी थट्टेने वा कणवेने वापरली जाते. ज्याला घर नाही, गाव नाही, त्याचे बिऱ्हाड पाठीवर! परंतु जगात असाही एक वर्ग आहे की, ज्याला हक्काचे घर आहे, भरलेले कोठार आहे, आणि तरीही वर्षातले आठ-पंधरा दिवस तो स्वखुशीने आपले बिऱ्हाड पाठीवर घेतो आणि डोंगरातल्या रानात निघून जातो. तंबू, पांघरूण, शिधा, पातेले, लहानशी चूल असे सारे एका पिशवीत भरायचे, ती पाठीला बांधायची आणि पायी चालू लागायचे. इंग्रजीत यास 'बॅकपॅकिंग' म्हणतात आणि आपल्याकडील तरुण मंडळींना आता हा शब्द परका राहिलेला नाही. या रीतीला तिचे आजचे रूप येण्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सिएरा नेवाडा पर्वतराजीचा वाटा फार मोठा आहे. त्या डोंगरवाटांचा आणि त्या वाटांवरून वाहिल्या गेलेल्या ओझ्यांचा इतिहास वाचकांपुढे मांडावा, असा आमचा मानस आहे.

सिएरा नेवाडा ही सुमारे ६४० किलोमीटर लांबीची, दक्षिणोत्तर पसरलेली ग्रॅनाइटची रांग. 'सिएरा' म्हणजे करवत. करवतीच्या दात्यांसारखी शिखरे असलेली रांग, असा त्याचा स्पॅनिश भाषेतील अर्थ. 'नेवाडा' म्हणजे हिमाच्छादित. या पर्वताचे हे बारसे एका कॅथलिक धर्मगुरूने केले, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फादर पेद्रो फाँट हे फ्रान्सिस्कन संघाचे. याच संघाच्या मठाचे व चर्चचे भग्नावशेष वसईच्या किल्ल्यात आजही उभे आहेत. आन्सा यांच्या मोहिमेबरोबर फादर फाँट कॅलिफोर्नियात गेले. एप्रिल १७७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळील एका टेकडीवरून त्यांना दूर पूर्वेला बर्फाने पांढरी झालेली एक थोरली रांग दिसली. त्यांनी तिची नोंद आपल्या रोजनिशीत व नकाशात केली आणि तेच वर्णन पुढे तिचे नाव होऊन बसले. पुढे सप्टेंबर १८०६ मध्ये गाब्रिएल मोरागा या स्पॅनिश अधिकाऱ्याची तुकडी उन्हाने करपलेले मैदान तुडवीत एका नदीवर येऊन पोहोचली. दयामाता मरियेचा सण नुकताच, २४ सप्टेंबरला, होऊन गेला होता. तहानलेल्या माणसांना पाणी देणाऱ्या त्या नदीला मोरागाने दयामातेचेच नाव दिले. ती मर्सेड नदी. योसेमिटी या जगप्रसिद्ध दरीतून वाहत येते ती हीच.

आता या डोंगरातला एक निवांत दिवस कसा असतो, ते पाहू. टुऑलमी मेडोज हे सुमारे ८,६०० फूट उंचीवरील विस्तीर्ण कुरण. तेथून कॅथीड्रल सरोवरांकडे जाणारी वाट अवघी साडेतीन मैलांची. चढ सुमारे हजार फुटांचा. घाई असलेला माणूस दोन तासांत हे अंतर कापील. परंतु पाठीवर बिऱ्हाड घेऊन निवांत निघालेल्याला हा सबंध दिवसाचा कार्यक्रम पुरतो. सकाळी कुरणावर दहिवर असते. वाट लगेच पाइन वृक्षांच्या सावलीत शिरते. अधूनमधून ग्रॅनाइटचे असे कातळ लागतात की, जणू कुणी त्यांना घासून-पुसून झिलई दिली आहे. हजारो वर्षांपूर्वी त्यांवरून सरकत गेलेल्या हिमनद्यांचे ते काम. दुपार कलू लागली की ढग जमतात आणि उन्हाळ्यातही गडगडाटासह एखादी सर येऊन जाते. म्हणून शहाणा वाटसरू दुपारच्या आत उंचावरचा उघडा भाग ओलांडतो, पाण्यापासून दूर तंबू ठोकतो आणि उरलेला वेळ सरोवरातील शिखराच्या प्रतिबिंबाकडे बघत बसतो. १०,९११ फूट उंचीचे ते शिखर कॅथीड्रल पीक. महामंदिराच्या मनोऱ्यासारखे दिसते म्हणून त्याचे हे नाव.

या शिखरावर ७ सप्टेंबर १८६९ रोजी एक एकतीस वर्षांचा माणूस एकटाच चढून गेला. कॅलिफोर्नियात आल्यापासून आपण आज पहिल्यांदाच चर्चमध्ये आलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार त्याने पुढे लिहून ठेवले. हा जॉन म्यूर. त्याचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या गावी झाला. वडील कमालीचे कर्मठ प्रोटेस्टंट. छडीच्या धाकाने त्यांनी मुलाकडून संपूर्ण नवा करार आणि बराचसा जुना करार तोंडपाठ करवून घेतला होता. १८४९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. १८६७ मध्ये एका कारखान्यात काम करताना म्यूरच्या डोळ्याला इजा झाली आणि काही काळ दृष्टी जाते की काय अशी अवस्था झाली. डोळे बरे होताच त्याने यंत्रांचा नाद सोडला आणि केंटकीपासून फ्लॉरिडापर्यंत सुमारे हजार मैल पायी भटकला. १८६८ मध्ये तो कॅलिफोर्नियात पोहोचला. पुढच्या उन्हाळ्यात दोन हजारांवर मेंढ्यांच्या कळपाबरोबर तो सिएराच्या कुरणांत गेला. पोटासाठी मेंढ्यांमागे जावे लागले. परंतु त्या मेंढ्याच कुरणांचा कसा फडशा पाडतात हेही त्याने त्याच उन्हाळ्यात पाहिले आणि टोळधाडीशी त्यांची तुलना केली.

म्यूरच्या पाठीवरचे बिऱ्हाड फारच लहान. थोडा पाव, थोडा चहा, एक वही. पुष्कळदा पांघरूणही नसे. शेकोटीजवळ बसून तो रात्र काढी. तरीही चालण्याची घाई त्याला मान्य नव्हती. डोंगरातून झपझप मजल मारण्याला इंग्रजीत 'हाइक' म्हणतात. हा शब्दच आपल्याला आवडत नाही, असे त्याने आल्बर्ट पामर नावाच्या धर्मोपदेशकाला सांगितले. पामर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही आठवण आहे. म्यूरला 'सॉन्टर' हा शब्द प्रिय. त्याचा अर्थ रमतगमत, संथपणे चालणे. मध्ययुगात पवित्र भूमीच्या यात्रेला पायी निघालेले यात्रिक, कुठे चाललात असे विचारले असता, फ्रेंच भाषेत 'आ ला सँत तेर' म्हणजे 'पवित्र भूमीकडे' असे उत्तर देत आणि त्यावरून हा शब्द आला, अशी त्याची उपपत्ती. थोरो या लेखकानेही १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चालण्यावरील निबंधात हीच व्युत्पत्ती दिली होती. शब्दकोशकारांना ती मान्य नाही. ज्यांनी तरुणपणी नोव्हेनासाठी वा यात्रेसाठी मैलोन् मैल चालत जाण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना मात्र म्यूरला काय म्हणायचे होते, ते शब्दकोशाविना कळेल.

म्यूरच्या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. योसेमिटीची दरी भूकंपासारख्या उत्पातात जमीन खचून झाली, असे राज्याचे मुख्य भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी मानीत. ती हिमनद्यांनी कोरली, हे म्यूरने डोंगर पायी पालथा घालून दाखवले. व्हिटनींनी 'मेंढपाळ' म्हणून त्याची हेटाळणी केली. कालांतराने हिमनद्यांबाबत मेंढपाळाचेच म्हणणे खरे ठरले. त्याच्या लिखाणाच्या रेट्याने १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. २८ मे १८९२ रोजी सिएरा क्लब स्थापन झाला व म्यूर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लवाजमा दूर सारून त्याच्यासोबत योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर काढल्या. एका रात्री तर अंगावर बर्फ पडले. त्यानंतर निघालेल्या जगप्रवासात म्यूर भारतातही येऊन हिमालय पाहून गेला. २४ डिसेंबर १९१४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याचे निधन झाले.

इथवरची कथा अमेरिकेतील शाळांतूनही सांगितली जाते. परंतु पाठीवरच्या ओझ्याचा इतिहास सांगायचा, तर आणखी मागे जावे लागते. म्यूर ज्या खिंडींतून गेला, त्या खिंडींतील वाटा त्याला तयार मिळाल्या होत्या. पश्चिम उतारावरील मीवॉक आणि पूर्वेकडील मोनो व पायूट लोक शतकानुशतके त्या वाटांनी ये-जा करीत होते. पश्चिमेकडून ओकची फळे जात. पूर्वेकडून मीठ, पाइनच्या बिया, सशाच्या कातड्यांची पांघरुणे आणि बाणांची टोके करण्यासाठी लागणारी ज्वालामुखीची काळी काच येई. हा माल वेतासारख्या काड्यांनी विणलेल्या निमुळत्या टोपल्यांतून पाठीवर वाहिला जाई. टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला असे आणि टोपली वाहणारी बहुधा स्त्री असे. सिएरातील पहिले 'बॅकपॅक' हेच. आज ज्या लांब पल्ल्याच्या वाटेला जॉन म्यूरचे नाव आहे, तिलाच पायूट लोक 'न्यूमू पोयो', म्हणजे 'लोकांची वाट', असे म्हणतात.

मग हे लोक गेले कुठे? १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि डोंगराच्या पायथ्याशी खाणकामगारांची झुंबड उडाली. मूळवासींची शिकार व अन्न हिरावले गेले, चकमकी झाल्या. मार्च १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी, तेथील लोकांना हुसकून सरकारी वसाहतीत नेण्यासाठी, योसेमिटीच्या दरीत शिरली. त्या दरीला तेथील लोक 'आवानी' म्हणत, स्वतःला 'आवानीची'. त्यांचा नायक तेनाया. घरे व साठवलेले धान्य जाळण्यात आले. तुकडीतील डॉक्टर लफायेट बनेल यांनी पुढे या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला. तेनायाच्या लोकांना एका सुंदर सरोवराकाठी पकडण्यात आले, तेव्हा बनेल यांनी त्याला सांगितले की, या सरोवराला आम्ही तुझे नाव देणार आहोत. तेनायाने उत्तर दिले की, या सरोवराला नाव आधीच आहे. ते नाव 'पायविआक'; अर्थ, चकाकत्या खडकांचे सरोवर. आज नकाशावर ते तेनाया सरोवर म्हणूनच आहे. कॅथीड्रल सरोवरांच्या वाटेने गेलेल्या प्रवाशाला ते तेथून जवळच पडते. तेनाया १८५३ मध्ये मारला गेला. त्यानंतर ११ वर्षांनी, ३० जून १८६४ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ही दरी सार्वजनिक उपभोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली. म्यूर आला तेव्हा ही दरी अशी बरीचशी रिकामी झालेली होती.

पुढील काळातही निवांत चालणाऱ्यांसाठी ओझे वाहणारे हात वेगळेच होते. आज मोटारी ज्या मार्गाने टुऑलमी मेडोजला पोहोचतात, त्याचा मूळ गाडीरस्ता १८८३ मध्ये पूर्ण झाला. ५६ मैलांचा हा रस्ता अवघ्या १३० दिवसांत झाला आणि तो करणाऱ्यांत चिनी मजुरांचा मोठा भरणा होता. त्याआधीच्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला होता. उद्यानांचे रक्षण प्रारंभी लष्कराकडे होते. १८९९, १९०३ व १९०४ या वर्षी कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्यांनी योसेमिटीत गस्त घातली. १९०३ मध्ये कॅप्टन चार्ल्स यंग हे कृष्णवर्णीय अधिकारी शेजारच्या सेक्वोया उद्यानाचे प्रभारी प्रमुख होते व त्यांनी तेथील रस्त्याचे रखडलेले काम धडाक्याने पुढे नेले.

१९०१ पासून सिएरा क्लबने सामुदायिक सहली सुरू केल्या. सभासद हातात काठी घेऊन चालत. तंबू, गाद्या, पिठाची पोती व लोखंडी चुली खेचरांवर लादलेल्या असत. जुलै १९१५ मध्ये स्टीफन मादर यांनी खासदार, संपादक, उद्योगपती अशा वजनदार मंडळींना सुमारे दोन आठवडे या डोंगरात फिरवले. राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते व्हावे, हे त्यांच्या गळी उतरवण्याचा हेतू होता. या मंडळींना रोज डोंगरात मेजवानी मिळे, ती टाय सिंग या चिनी आचाऱ्याच्या हातची. पावाची कणीक तो खेचराच्या अंगाच्या उबेला ठेवून वाटचालीतच फुगवीत असे, असे सांगतात. २५ ऑगस्ट १९१६ रोजी ते खाते स्थापन झाले. योसेमिटीतील एका शिखराला टाय सिंगचे नाव आहे.

त्याच १९१५ साली कॅलिफोर्निया राज्याने १०,००० डॉलर मंजूर करून जॉन म्यूर वाटेचे काम सुरू केले. या वाटेची कल्पना मात्र थिओडोर सॉलमन्स याची. १८८४ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, फ्रेझ्नोजवळ गुरे राखता राखता त्याला समोरच्या बर्फाच्या रांगेवरून माथ्यामाथ्याने जाणारी वाट मनात दिसली. पुढे १८९२ पासून काही उन्हाळे भटकून त्याने तिचा माग काढला. योसेमिटीच्या दरीतून निघणारी ही सुमारे ३४० किलोमीटरची वाट १९३८ मध्ये, म्यूरच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पूर्ण झाली. ती जेथे संपते ते १४,५०५ फुटी शिखर माउंट व्हिटनी. मेंढपाळाच्या नावाची वाट त्याची हेटाळणी करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या शिखरावर जाऊन थांबते, हा योगायोग गमतीचा खराच.

खेचरांवाचून सामान्य माणसाला एवढे चालता यावे, यासाठी पाठपिशवीच सुधारावी लागली. लॉइड नेल्सन यांनी अलास्कातील मूळवासींकडून काठ्या व सीलच्या कातड्याची एक पिशवी उसनी घेतली होती. तीवरून त्यांनी लाकडी चौकटीची पिशवी बनवली व १९२० च्या दशकात तिचे पेटंट मिळवले. पुढची पायरी डिक केल्टी यांची. महायुद्धानंतर विमानांसाठीचे ॲल्युमिनियम स्वस्त झाले होते. त्या नळ्यांची हलकी चौकट करून केल्टी यांनी १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे आपल्या घरीच पिशव्या विकायला आरंभ केला. शिवणकाम त्यांची पत्नी नेना करीत असे. या पिशवीचा खरा शोध म्हणजे कमरपट्टा. चौकटीची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खुपसली असता खांद्यांवरचा भार हलका होतो, हे चालताना लक्षात आले आणि त्यातून तो पट्टा सुचला, असे सांगतात. कपाळावरचे ओझे खांद्यावर आले होते. आता ते कमरेवर आले. १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेने याच पिशव्या नेल्या. १९६८ मध्ये कॉलिन फ्लेचर यांचे 'द कम्प्लीट वॉकर' हे पुस्तक आले आणि पाठीवर बिऱ्हाड घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

दरम्यान ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अरण्य कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर चारच महिन्यांपूर्वी वारले होते. रस्ते, मोटारी, इमारती यांना मज्जाव असलेली राने या कायद्याने घोषित झाली. आरंभी ९१ लाख एकर, आता ती ११ कोटी एकरांहून अधिक आहेत. १९८४ मध्ये योसेमिटी उद्यानाचा सुमारे ९५ टक्के भाग त्यात आला. आज तेथे मुक्कामाला जाणाऱ्याला परवाना लागतो व दररोज ठरावीक माणसांनाच तो मिळतो. अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा मजबूत डब्यात ठेवावे लागते. ९,६०० फुटांच्या वर शेकोटी पेटवता येत नाही. विष्ठा पाण्यापासून दूर खड्डा करून पुरावी लागते आणि कचरा पाठीवरून परत आणावा लागतो. आपल्या डोंगरांवर व किल्ल्यांवर सहलीला जाणाऱ्यांनी यातला शेवटचा नियम जरी पाळला, तरी पुष्कळ झाले.

या कायद्याने अरण्याची व्याख्या करताना माणूस तेथे केवळ पाहुणा असतो, मुक्काम करून राहत नाही, असे म्हटले आहे. नेमके येथेच इतिहास अडखळतो. आवानीची लोक त्या दरीत पाहुणे नव्हते. जुलै १९२९ मध्ये तेनायाची नात तोतुया, ख्रिस्ती नाव मारिया लेब्राडो, योसेमिटीत परतली. १८५१ मध्ये दरीतून हुसकल्या गेलेल्यांपैकी ती शेवटची हयात व्यक्ती मानली जाते. ७८ वर्षांनी तिने आपली दरी पाहिली आणि पाहताच नापसंतीने मान हलवली. दरी अस्वच्छ झाली आहे, झुडपे माजली आहेत, असे तिचे म्हणणे पडले. पर्यटकांना जे अस्पर्श निसर्गसौंदर्य वाटत होते, ते तिला मशागतीवाचून पडलेले शेत वाटले. कारण तिचे लोक ठरावीक काळाने गवत व झुडपे जाळून ओकची झाडे व कुरणे मोकळी राखीत असत. उद्यानाने आगीवर बंदी घातल्याने रान दाटले. अशा आगींचे महत्त्व तज्ज्ञांना पुढे कित्येक दशकांनी पटले आणि आता उद्यानाचे कर्मचारी स्वतःच नियंत्रित आगी लावतात. तोतुया १९३१ मध्ये वारली.

दरीत मूळवासींची जी वस्ती शिल्लक होती, तीही उद्यानाने टप्प्याटप्प्याने हटवली. १९६९ मध्ये तिची अखेरची घरे पाडण्यात आली. म्यूरविषयीही नव्याने लिहिले गेले. मूळवासी व कृष्णवर्णीय लोकांविषयी त्याने तरुणपणी हीन शब्द वापरले होते, हे त्याने स्थापन केलेल्या सिएरा क्लबनेच २०२० मध्ये जाहीरपणे मान्य केले. अलास्कात त्लिंगित लोकांबरोबर राहिल्यावर त्याची दृष्टी बरीच बदलली, हेही त्याच्याच लिखाणावरून दिसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते. ज्या फ्रान्सिस्कन मिशनांनी १७६९ पासून कॅलिफोर्नियाचा किनारा वसवला, त्यांच्या छायेत रोगराईने किती मूळवासी दगावले, हेही आपण कॅथलिकांनी विसरता कामा नये.

२०१८ मध्ये उद्यान व मूळवासींची परिषद यांच्यात करार झाला. त्यानुसार पाडलेल्या वस्तीच्या जागी, वाहोगा येथे, त्यांना पुन्हा आपली पारंपरिक वास्तू उभारण्याचा व तेथे आपले विधी करण्याचा हक्क मिळाला. आज टुऑलमी मेडोजहून पाठीवर बिऱ्हाड घेऊन जो निघतो, त्याच्या पायाखालची वाट तीच आहे. सरोवराकाठी तंबू ठोकून, उद्याची कसलीही घाई नसताना, तो चकाकणाऱ्या खडकांकडे पाहत बसतो, तेव्हा त्या खडकांवरून पूर्वी कुणीतरी सरोवराला एक नाव दिले होते, हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.